लिस्बनमधले चार दिवस

(मंडळाच्या मासिक सभेत झालेले भाषण)



आपल्या मंडळातल्या सात जणी येत्या ऑक्टोबरात युरोपात जायचे म्हणतात. जायचे तर कुठे, किती दिवस आणि कसे, याविषयी मी चार शब्द सांगावेत असा चिटणीसबाईंचा हुकूम झाला. गेल्या सभेत या विषयावर एवढी चर्चा झाली की संक्रांतीच्या वाणाचा विषय तसाच राहून गेला. कुणी प्रवास कंपन्यांची पत्रके आणली होती. 'बारा दिवसांत नऊ देश' असे एकावर छापले होते आणि खाली ठळक अक्षरांत हमी होती, की दोन्ही वेळचे जेवण भारतीयच मिळेल.

मला त्या हमीचीच धास्ती वाटते. बसच्या काचेतून पाहिलेला देश हा आगगाडीतून पाहिलेल्या इगतपुरीसारखा असतो. वाटेत गाव होते, एवढेच काय ते कळते. आणि सात समुद्र ओलांडून जायचे ते रोज रात्री तीच पिवळी डाळ आणि तेच मटार-पनीर खायला, हे कुणी सांगितले आहे? आपल्यापैकी बहुतेकींनी हे पैसे भिशीतून, शिकवण्यांतून, दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरींतून साठवलेले आहेत. पैसे आपले, गुडघे आपले, तेव्हा बेतही आपलाच असावा. एक देश, एक शहर आणि पुरते चार दिवस, याहून अधिक घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. आणि ते शहर पोर्तुगालची राजधानी लिस्बन असावे, असे मी सुचवते.

लिस्बनच का? पॅरिस, लंडन, रोम ही नावे मोठी आहेत आणि खर्चही तसाच मोठा आहे. लिस्बन त्या मानाने आटोपशीर. नदीकाठचे, टेकड्यांवर चढत गेलेले, पायी पाहण्याजोगे. पण खरे कारण वेगळे आहे. या शहराशी आपला जुना हिशेब आहे आणि तो आपल्या स्वयंपाकघरात रोज बोलला जातो. पाव, बटाटा, काजू, अननस, कोबी हे शब्द पोर्तुगीजांकडून आले. बालदी, घमेले, पिंप, चावी, साबण, पगार, लिलाव हेही तिकडचेच. आपला हापूस हा कुणा आफोन्सूच्या नावावरून हापूस झाला. तिथल्या बाजारात 'बटाटा' म्हणालात तर बाई मुकाट्याने बटाटे तोलायला घेईल. मात्र याच यादीत आणखी एक शब्द आहे, तो विसरून चालणार नाही. 'तुरुंग' हाही पोर्तुगीजच.

हा शब्द मी मुद्दाम काढला. लिस्बनचे नाव निघाले तेव्हा आपल्या एका ज्येष्ठ सभासद काकूंनी एक प्रश्न विचारला होता. त्यांचे थोरले दीर 1955 च्या गोवा सत्याग्रहात होते. त्या वर्षी 15 ऑगस्टला निःशस्त्र सत्याग्रही गोव्याच्या हद्दीत शिरले, पोर्तुगीज पोलिसांनी गोळीबार केला आणि वीसहून अधिक माणसे मारली गेली. काकू म्हणाल्या, "ज्यांनी आपल्या माणसांवर गोळ्या झाडल्या, त्यांच्या दारी जाऊन तुम्ही मिठाई खाणार?" तेव्हा कुणीच काही बोलले नाही. प्रश्न रास्त आहे आणि हसण्यावारी नेण्याजोगा तर मुळीच नाही. त्याचे उत्तर मी जमेल तसे या बेतातच गुंफले आहे. काकूंना ते पटेल की नाही, हे त्यांनी ठरवावे.

आता आधी कामाच्या गोष्टी. पोर्तुगालसाठी शेंगेन व्हिसा लागतो. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज घेतात आणि पंधरा दिवसांच्या आत आलेल्या अर्जाला उशीर झालेला असतो. तेव्हा आपण जूनमध्येच कागद तयार ठेवावेत. निदान 30,000 युरोंचा वैद्यकीय विमा काढावाच लागतो. साठी उलटलेल्यांनी आपल्या जुन्या दुखण्यांना तो लागू पडतो की नाही, हे बारीक अक्षरांतले वाचून घ्यावे. मुलगा वाचेल म्हणून सोडून देऊ नये. हॉटेलच्या बिलावर लिस्बन शहराचा कर असतो. 2024 च्या सप्टेंबरापासून तो रात्रीमागे माणशी 4 युरो झाला. लहानच रक्कम आहे, पण खजिनदारबाईंच्या वहीत आधी लिहिलेली बरी.

बिऱ्हाड शहराच्या मधल्या सखल भागात घ्यावे. त्याला बायशा म्हणतात. घर ठरवताना पहिला प्रश्न 'लिफ्ट आहे का?' हाच. जुन्या इमारतींना पुष्कळदा नसते आणि छायाचित्रात जिना कुणी दाखवत नाही. दुसरा प्रश्न पादत्राणांचा. तिथल्या पदपथांवर चुनखडीचे पांढरे-काळे चौकोनी दगड बसवलेले असतात. नक्षी मोठी सुरेख, पण पायांनी झिजून गुळगुळीत झालेली, आणि पावसाची एक सर आली की काचेवरून चालल्यासारखे होते. ऑक्टोबरात तिथे पाऊस सुरू होऊ लागतो. तेव्हा नव्या चपला नकोत, रबरी तळव्याचे, पायात मुरलेले बूट हवेत. साडीवर ते शोभणार नाहीत, पण पाय मोडला तर साडीही शोभत नाही.

वारांचा मेळ घालणे ही या बेताची किल्ली आहे. पुष्कळशी सरकारी संग्रहालये तिथे सोमवारी बंद असतात. घरगुती खानावळी बहुधा रविवारी बंद. जुना बाजार भरतो तो मंगळवारी आणि शनिवारी. म्हणून मी असा हिशेब धरला: बुधवारी संध्याकाळी पोचावे, गुरुवार, शुक्रवार, शनिवार, रविवार हे आपले चार दिवस, आणि सोमवारी निघावे. म्हणजे बंद दारांचा वार विमानात जातो. 5 ऑक्टोबरला त्यांच्या प्रजासत्ताकाची सुट्टी असते, तेवढी तारीख टाळावी. शिवाय जे पाहायचे ते उघडे आहे ना, हे निघण्याआधी आठवडाभर पुन्हा तपासावे. 2025 साली बेलेंचा प्रसिद्ध बुरूज आणि गुल्बेंकियन संग्रहालयाचा मुख्य संग्रह हे दोन्ही दुरुस्तीसाठी बंद होते, आणि त्यासाठीच गेलेली माणसे कुलपे पाहून परत फिरली.

गुरुवारी फार चालू नये. आपल्यापेक्षा त्यांचे घड्याळ ऑक्टोबरात साडेचार तास मागे असते. शरीर अजून इथेच असते. सकाळी रोसियूच्या चौकात जाऊन नुसती कॉफी घ्यावी. छोट्या पेल्यातल्या कडक काळ्या कॉफीला लिस्बनमध्ये 'बिका' म्हणतात. दूध घालून उंच ग्लासात हवी असेल तर 'गालाऊं' मागावी. आपल्याला तीच रुचेल. चहाला ते 'शा' म्हणतात. इंग्लंडच्या दरबारात चहाची आवड रुजवली ती लिस्बनच्याच राजकन्येने, ब्रागांझाच्या कॅथरिनने. तिच्या 1661 च्या विवाह-कराराने मुंबई बेट आंदण म्हणून इंग्रजांकडे गेले. आपल्याकडे लग्नात भांडी देतात, तिच्या बापाच्या घराने मुंबई दिली!

या सखल भागातले रस्ते पाटीवर आखल्यासारखे सरळ आहेत. त्याचे कारण 1755 च्या 1 नोव्हेंबरचा भूकंप. सणाचा दिवस, सकाळची वेळ, लोक देवळांत. आधी धरणी हादरली, मग नदीतून लाट आली आणि पुढे आगी लागल्या. गाव नव्याने वसवावे लागले. कार्मूचे मठमंदिर त्या वेळी कोसळले, त्याचे छत पुन्हा घातलेच नाही. दगडी कमानी उभ्या आहेत आणि वर आभाळ. मला लिस्बनमधली ही सर्वांत सुंदर वास्तू वाटते.

त्याच कार्मू चौकात 25 एप्रिल 1974 रोजी पोर्तुगालची हुकूमशाही संपली. सालाझार 1932 पासून 1968 पर्यंत पंतप्रधान होता. गोव्यातल्या गोळ्या त्याच्याच राजवटीच्या. त्याच्या मागून आलेल्या काएतानूने या चौकातल्या पोलीस-छावणीत सत्ता खाली ठेवली. त्या सकाळची एक गोष्ट आपल्या मंडळाने ऐकण्यासारखी आहे. सेलेस्ते काएइरू नावाची बाई एका उपाहारगृहात काम करत होती. त्या दिवशी त्या उपाहारगृहाचा पहिला वर्धापनदिन होता, आणि गिऱ्हाइकांना द्यायला मालकाने तांबडी-पांढरी कार्नेशनची फुले आणून ठेवली होती. पण रस्त्यावर सैन्य आले, उपाहारगृह उघडलेच नाही, आणि 'फुले वाया जायला नकोत, घरी न्या' असे मालकाने सांगितले. वाटेत एका शिपायाने तिच्याजवळ सिगारेट मागितली. तिच्याजवळ सिगारेट नव्हती, म्हणून तिने फूल दिले. त्याने ते बंदुकीच्या नळीत खोवले. मग दुसऱ्याने मागितले, तिसऱ्याने मागितले. त्या क्रांतीला जग आज फुलाच्या नावाने ओळखते. ही बाई 2024 च्या नोव्हेंबरात वारली. उरलेली फुले फेकवत नाहीत म्हणून घरी नेणारी ती आपल्यातलीच एक होती.

याच दिवशी दुपारी, मुख्य चर्चपासून जवळच असलेले आल्जूबचे संग्रहालय पाहावे. हा सालाझारशाहीचा राजकीय तुरुंग. 1965 साली तो बंद झाला आणि 2015 साली तिथे प्रतिकार आणि स्वातंत्र्य यांचे संग्रहालय उघडले. एक माणूस जेमतेम आडवा होईल अशा कोठड्या आहेत. काकूंच्या प्रश्नाच्या उत्तराचा पहिला तुकडा मला इथे सापडला. ज्या राजवटीने आपल्या माणसांवर गोळ्या झाडल्या, ती स्वतःच्या माणसांनाही सोडत नव्हती. तिथल्या विवाहित बाईला परदेशी जायचे तर नवऱ्याची लेखी परवानगी लागे; हे बंधन 1969 साली उठले. आज आपण सात जणी कुणालाही न विचारता निघालो आहोत. बरे, विचारून निघालो आहोत असे म्हणू. पण ते विचारणे कायद्याने नव्हे.

शुक्रवार बेलेंसाठी. पंधरा नंबरची ट्राम जाते, पण मी आगगाडी सुचवते, त्याचे कारण पुढे येईलच. तिथला जेरोनिमुशचा मठ 1501 च्या सुमारास बांधायला घेतला. आफ्रिका आणि पूर्वेकडून येणाऱ्या मसाल्यांवर सुमारे पाच टक्के कर बसवून त्याचा खर्च भागवला. म्हणजे त्या दगडी दोरखंडांच्या आणि पानाफुलांच्या नक्षीत मिरी-दालचिनीचा पैसा आहे. चर्चमध्ये दाराशीच वास्को द गामाची समाधी. तो 1524 साली कोचीनला वारला. तिथे हात जोडायचे की नाही, हे जिचे तिने ठरवावे. मी नुसती उभी राहिले. नदीकाठी शोधयात्रांचे मोठे स्मारक आहे, सध्याचे 1960 साली उभारलेले. त्यावर 33 मूर्ती आहेत आणि त्यांत बाई एकच, राणी फिलिपा, तीही गुडघे टेकून. मुले समुद्रात पाठवणाऱ्या बाकीच्या आया कुठे गेल्या, हे त्या दगडाला विचारून उपयोग नाही.

मठाशेजारी 1837 पासूनचे मिठाईचे दुकान आहे, आणि इथे तुमचा पुष्कळ वेळ जाणार. पदरापदराच्या खुसखुशीत वाटीत अंड्याच्या बलकाचे आणि दुधाचे गोड सारण, वरून भाजल्याचे काळे डाग. खाताना दालचिनीची पूड आणि पिठीसाखर भुरभुरायची. गावभर याला 'पाश्तेल द नाता' म्हणतात, या दुकानात मात्र 'पाश्तेल द बेलें'. सांगतात की मठांतल्या जोगिणी अंड्यातला पांढरा भाग कपड्यांना खळ करायला वापरत आणि उरलेल्या बलकाचे काय करायचे, यातून असली पक्वान्ने निघाली. 1834 साली मठ बंद झाले आणि पाककृती बाजारात आल्या. आपल्या चिरोट्याचे पदर ज्यांना साधतात त्यांनी ती वाटी उलटी करून तळ पाहावा. पदर गोल फिरत गेलेले दिसतात, कारण पिठाची वळी करून ती कापतात. बाहेरची रांग पाहून घाबरू नका. आत बसायला दालनांमागून दालने आहेत. ज्या अंडे खात नाहीत त्यांना मात्र इथे कॉफीवरच थांबावे लागेल. त्यात काही अंडे नसते, असे कुणी समजुतीखातर सांगितले तर विश्वास ठेवू नये.

आता आगगाडी. काइश दु सोद्रे स्थानकातून ती सुटते आणि नदीच्या काठाकाठाने कास्काइशच्या समुद्राकडे जाते. जाताना डाव्या खिडकीशी बसावे. बेलेंच्या पुढे काही स्थानकांवर काशियश लागते. तिथल्या किल्ल्यात आपला एक माणूस बंदिवान होता. मोहन रानडे, सांगलीचे. 1955 साली गोव्यात जखमी अवस्थेत पकडले गेले, मोठी शिक्षा झाली आणि पुढे त्यांना पोर्तुगालला नेले. 19 डिसेंबर 1961 रोजी गोवा मुक्त झाला, पेढे वाटले गेले. रानडे मात्र काशियशला कोठडीतच होते. त्यांच्या सुटकेसाठी महाराष्ट्रात समिती झाली, तीत आपले सुधीर फडके पुढे होते. 1969 च्या जानेवारीत ते सुटले. गोवा स्वतंत्र झाल्यानंतर सात वर्षांहून अधिक काळ! त्यांचे 'सतीचे वाण' हे पुस्तक निघण्यापूर्वी सर्वांनी वाचावे, असा माझा आग्रह आहे. किल्ला काही आत जाऊन पाहण्याची जागा नाही. पोर्तुगालमधल्या राजकीय कैदी बायकांनाही तिथेच डांबत असत. गाडी काशियशला थांबते, तेवढे मिनिट उठून उभे राहावे, एवढेच मला सुचते. काकूंच्या दिरांसाठीही तेवढेच आपल्या हाती आहे.

भारताचे गोव्यावरील सार्वभौमत्व पोर्तुगालने मान्य केले ते 1974 साली, ती फुलांची क्रांती झाल्यावर. ज्याच्या वडिलांचे घराणे गोव्याचे, असा माणूस पुढे तिथे 2015 ते 2024 पंतप्रधान होता, आंतोनियू कोश्ता. मला तर वाटते, मिठाई खायला हरकत नाही. पण कुणाच्या घरची आहे हे माहीत असताना खावी.

खाण्याचे थोडे सविस्तर सांगते, कारण मला सर्वांत जास्त प्रश्न त्याचेच आले. दुपारचे जेवण साडेबारा ते तीन, रात्रीचे साडेसात-आठनंतर. मध्येच भूक लागली तर मिठाईच्या दुकानाशिवाय गती नाही. दुपारी लहान खानावळीत 'दिवसाचे ताट' असते, ते स्वस्त आणि ताजे. बसताक्षणी पाव, लोणी, ऑलिव्हची फळे न मागता पुढे येतात. ही यजमानाची मायाळू रीत नव्हे. खाल्ले तर बिलात धरतात. नको असेल तर हसून परत करावे, कुणी रागावत नाही. पाव मात्र जरूर चाखा. आपल्या लादीपावासारखा मऊ नाही, कडक सालीचा, चावायला दात लागणारा. पण नाव तेच, नाकात म्हटलेले.

मासे खाणाऱ्यांची चैन आहे. बाकल्याऊ म्हणजे खारवून वाळवलेला कॉड मासा. तो त्यांच्या समुद्रात मिळतही नाही, नॉर्वे-आइसलंडकडून येतो, आणि तरी तेच त्यांचे राष्ट्रीय अन्न. दीड-दोन दिवस पाणी बदलत भिजवावा लागतो. आपल्या सुक्या बोंबलाचा वास ज्यांच्या घरी चालतो त्यांना त्याच्या दुकानात शिरताना काहीच नवे वाटणार नाही. त्याच्या चुऱ्यात बटाट्याच्या तळलेल्या काड्या, कांदा आणि अंडे घालून करतात तो प्रकार पहिल्यांदा मागवावा.

शाकाहारी भगिनींनी दोन शब्द पाठ करावेत: 'सें कार्न', मांसाशिवाय, आणि 'सें पैश', माशाशिवाय. तेवढ्यावर न थांबता हॅम आणि सॉसेजचे नाव घेऊनही नको म्हणावे, कारण पुष्कळांच्या लेखी ते मांसात मोडतच नाही. 'काल्दु व्हेर्द' नावाचे सूप असते, बटाट्याच्या दाट पाण्यात केसासारखी बारीक चिरलेली कोबीच्या जातीची हिरवी पाने. चिरणे पाहून आपल्याला लाज वाटेल. पण वर सॉसेजची चकती टाकतात आणि पाणीही कधी मांसाचे असते, विचारून घ्यावे. 'बागेतले छोटे मासे' असे एका पदार्थाचे नाव आहे. त्यात मासा नाही, पिठात बुडवून तळलेल्या फरसबीच्या शेंगा आहेत. आपली भजीच ती, फक्त पिठात बहुधा अंडे असते. हाच प्रकार पोर्तुगीजांबरोबर जपानला गेला आणि तिथे तेंपुरा झाला. कोथिंबीर युरोपात इतरत्र फारशी कुणी विचारत नाही, पोर्तुगालमध्ये मात्र सढळ हाताने घालतात. पहिल्या घासाला घरची आठवण येते. आणि एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. चीज घट्ट करायला पुष्कळ ठिकाणी वासराच्या पोटातला पदार्थ वापरतात. लिस्बनजवळच्या आझैताऊंचे मेंढीच्या दुधाचे चीज मात्र एका काटेरी रानफुलाच्या तुऱ्यांनी लावतात. ते शाकाहारी बहिणींनी निःशंक खावे. गोड पदार्थांत 'तोसिन्यु दु सेउ' दिसला तर थांबा. त्या नावाचा अर्थच 'स्वर्गातली डुकराची चरबी' असा आहे, आणि काही ठिकाणी ती खरोखरच घालतात. दालचिनीची नक्षी काढलेली 'आरोश दोस' ही भाताची घट्ट खीर. त्यातही अंडे असू शकते. घरून दशम्या, मेतकूट, चटणी न्यावी की नाही? एका दिवसापुरती न्यावी. चारही दिवसांची नेलीत तर तीच खाऊन परत याल.

शनिवारी सकाळी फैरा द लाद्रा. लाद्रा म्हणजे चोरटी बाई. आपल्याकडे चोरबाजार, त्यांच्याकडे चोरटीचा बाजार! जुन्या टाइल्स, पितळी कड्या, कपबशा. जुन्या घरांच्या भिंतींवरून उचकटलेल्या टाइल्स घेऊ नयेत; चोरीचा माल असण्याचा संभव असतो आणि त्यांची घरे उघडी पडतात. शेजारीच सांता एंग्रासियाचे घुमटाचे चर्च आहे. 1682 साली काम सुरू झाले ते 1966 साली पुरे झाले. रखडलेल्या कामाला तिथे या चर्चचेच नाव देतात. आपल्या पुलाच्या कामाची कुणाला आठवण झाली तर मी जबाबदार नाही. इथे आमालिया रॉद्रिगिश चिरविश्रांती घेते. लहानपणी धक्क्यावर फळे विकणारी ही मुलगी पुढे फादो गायनाची सम्राज्ञी झाली.

फादो रात्री ऐकायचा, खाली उतरून आल्फामाच्या गल्ल्यांत. दिवे मंद होतात, वाढपी जागच्या जागी थांबतात, गाणारी बहुधा काळी शाल पांघरून उभी राहते. साथीला बारा तारांची पोर्तुगीज गिटार. गाणे चालू असताना बोलणे हा मोठा अपमान समजतात. आपल्या काही भगिनींना बैठकीत शेजारणीशी कुजबुजण्याची सवय आहे. नावे घेत नाही. पुष्कळ घरांत ठरावीक रकमेचे जेवण घ्यावेच लागते, म्हणून शाकाहारी मिळेल का आणि नुसते ऐकायला उशिरा येता येईल का, हे जागा राखतानाच विचारावे. शब्द कळणार नाहीत. विरहाचे आहेत एवढे न सांगता कळते.

अठ्ठावीस नंबरची पिवळी ट्राम सगळ्यांना हवी असते, पाकीटमारांना सर्वांत जास्त. सकाळी आठच्या आत बसा, किंवा बारा नंबरने जा. किल्ल्याकडे चढायला बायशातून एका इमारतीतून फुकट लिफ्ट आहे, ती चौकशी करून गाठावी. गुडघे दुवा देतील.

रविवारी सकाळी टाइल्सचे संग्रहालय. 1509 साली राणी लिओनोरने स्थापलेल्या मठात ते आहे. तिथे सुमारे तेवीस मीटर लांबीचे निळ्या टाइल्सचे एकच चित्र आहे, भूकंपाआधीचे अख्खे लिस्बन. गुरुवारी तुम्ही जे पडलेले पाहिले, ते इथे उभे दिसते. म्हणून हे शेवटी ठेवले. खानावळी बंद, तेव्हा दुपारी लुमियार भागातल्या राधाकृष्ण मंदिरात जावे. मोझांबिक 1975 साली स्वतंत्र झाल्यावर तिकडून आलेल्या गुजराती कुटुंबांनी ते उभारले. तिथे शाकाहारी जेवण मिळते. वेळ आधी दूरध्वनीने विचारावी. चार दिवसांत एकदा वरण-भात मिळाला तर मी काही नावे ठेवणार नाही.

सिंत्राचे राजवाडे यात का नाहीत, असे उपाध्यक्षीणबाई विचारतीलच. सुंदर आहेत, पण एक अख्खा दिवस आणि निम्मा जीव रांगेत जातो. ज्यांना जायचे त्यांनी पाचवा दिवस घ्यावा.

शेवटी एक शब्द. आभार मानताना पुरुष 'ओब्रिगादू' म्हणतात, बायका 'ओब्रिगादा'. विमानातल्या पुस्तिकेत बहुधा पुरुषांचाच छापलेला असतो.

येत्या शनिवारी चार वाजता सर्वांनी पासपोर्ट घेऊन माझ्याकडे यावे. मुदत प्रत्येकीने आजच पाहून ठेवावी. काकू, तुम्हीही या. यादी करताना तुमच्या दिरांच्या तुकडीविषयी आम्हां सर्वांना ऐकायचे आहे. चहा माझा, फराळ जिचा तिने आणावा.